बेल दाबली होती, मग वाजली का नाही?

आषाढी एकादशीच्या सकाळी साडेसातला आत्याचा फोन आला. विठ्ठलाची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते. तिला ती थेट बघायची होती, म्हणून आदल्या दिवशी मीच तिच्या फोनवर यूट्यूबवरच्या एका चॅनेलची बेल, म्हणजे नवं काही आलं की कळवणारं बटण, दाबून दिली होती. "अरे, ती घंटी वाजलीच नाही. सगळं आटपलं, आणि मी घोरत होते!"

दुपारी जाऊन फोन बघितला. वरची पट्टी खाली ओढली तर नोटिफिकेशन तिथेच होतं, अगदी वेळेवर आलेलं. फक्त आवाज न करता आलेलं. कर्ज घ्या, विमा घ्या असे फोन तिला रात्रीबेरात्री यायचे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच तिच्या फोनवर रात्री ११ ते सकाळी ६ 'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. बेल मी दाबली आणि तिचं तोंडही मीच बांधून ठेवलं.

हे मी आत्याला सांगितलं नाही. तिला म्हटलं, "बघतो काय झालं ते." आणि मग खरंच बघत बसलो. कारण हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. इस्रोचं उड्डाण, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी, गणपतीचं थेट दर्शन, आवडत्या कीर्तनकाराचा कार्यक्रम, सगळं आता फोनवर थेट दिसतं. आणि "मला कळलंच नाही" म्हणणारे घरोघरी भेटतात.

आधी घंटागाडी समजून घेऊ

कचऱ्याची गाडी आली का हे बघायला आपण दर दहा मिनिटांनी फाटकापर्यंत जात नाही. गाडी गाणं वाजवत येते, आपण डबा घेऊन खाली जातो. फोनमध्येही हेच दोन मार्ग असतात. एक म्हणजे ॲपने सारखं सर्व्हरला विचारत राहायचं, "काही नवीन?" त्यात बॅटरी आणि डेटा दोन्ही संपतात. दुसरा म्हणजे सर्व्हरनेच, काही घडलं की फोनला हाक मारायची. या हाकेला पुश नोटिफिकेशन म्हणतात. पुढे मी तिला नुसतं नोटिफिकेशनच म्हणणार आहे.

गंमत अशी की ही हाक यूट्यूब थेट तुमच्या फोनला मारत नाही. अँड्रॉइड फोनवर बहुतेक सगळ्या ॲप्सच्या हाका गूगलच्या एका सामायिक यंत्रणेतून येतात, आयफोनवर ॲपलच्या. मोठ्या सोसायटीत येणारं प्रत्येक कुरिअर गेटवरच्या वॉचमनकडे जमा होतं आणि तो इंटरकॉमवर "तुमचं पार्सल आलंय" म्हणून कळवतो, तसं. फोन या एका वॉचमनशी जोडलेला राहतो. पन्नास ॲप्सनी पन्नास वेगळे माणूस उभे करायचे म्हटले तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही.

थोडक्यात, चॅनेलवाल्याने 'लाइव्ह' दाबल्यापासून तुमच्या कानापर्यंत चार दारं लागतात: यूट्यूबने तुम्हाला कळवायचं ठरवणं, वॉचमनने निरोप आणणं, फोनने तो आत घेणं, आणि आत आल्यावर आवाज करू देणं. आत्याचा निरोप तीन दारं ओलांडून चौथ्यापाशी अडकला. बहुतेकांचा मात्र पहिल्याच दारात अडकतो.

सबस्क्राइब केलंय, म्हणजे कळेलच ना?

नाही. सबस्क्राइब म्हणजे पेपरवाल्याकडे नाव नोंदवणं; तो रोज बेल वाजवून अंक हातात देईल असं त्यात नसतं. कळवण्याचं ठरतं ते सबस्क्राइबच्या बटणाशी असलेल्या बेलवर. तिच्यात तीन पर्याय असतात: ऑल, पर्सनलाइज्ड आणि नन. मराठीत ॲप वापरत असाल तर शब्द वेगळे दिसतील, अर्थ तोच.

यातला 'पर्सनलाइज्ड' हा फसवा. नावावरून वाटतं, खास माझ्यासाठी. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, तुम्ही काय बघता याच्या अंदाजावरून कधी कळवायचं आणि कधी नाही ते यूट्यूब ठरवणार. सबस्क्राइब केल्यावर आपोआप लागतो तो हाच. वर्षातून एकदा आषाढीला एखादं चॅनेल बघणाऱ्या माणसाला त्या चॅनेलचं महत्त्व किती, हे यंत्राने त्याच्या बघण्यावरून ठरवलं तर उत्तर 'फारसं नाही' असंच येणार. चुकवायचंच नाही असं काही असेल तर 'ऑल' हवं.

आणि 'ऑल' म्हणजेही सगळं नव्हे. एका चॅनेलचे नवे व्हिडिओ आणि लाइव्ह मिळून २४ तासांत जास्तीत जास्त ३ नोटिफिकेशन एका प्रेक्षकाला जातात. वृत्तवाहिन्या बघा, सकाळी नाश्त्याच्या आधीच त्यांचे तीन व्हिडिओ चढलेले असतात. त्या दिवसाचा कोटा तिथेच संपतो, आणि संध्याकाळी ज्या पत्रकार परिषदेसाठी तुम्ही बेल दाबली होती तिची हाक येत नाही. म्हणून माझं मत असं: दिवसाला वीस व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलची बेल ही दाबून न दाबल्यासारखीच. मोजकं टाकणारं मूळ चॅनेल शोधावं. उड्डाण बघायचं तर इस्रोचं चॅनेल, त्याचा फेरप्रसार करणाऱ्या बातम्यांचं नव्हे.

आणखी एक, लहान मुलांसाठीचा म्हणून नोंदवलेल्या आशयाला ही बेलची सोय मिळत नाही. नातवंडांच्या गोष्टींच्या चॅनेलची बेल का दाबता येत नाही, असं विचारणाऱ्या आजीआजोबांना याचं उत्तर सहसा कुणी देत नाही.

वेळ आधीच जाहीर झाली असेल तर?

मग काम सोपं. ठरलेल्या लाइव्हचं पान आधीच तयार असतं, त्यावर तारीख-वेळ असते आणि 'नोटिफाय मी' असं बटण असतं. बेल ही चॅनेलची असते. हे बटण त्या एका कार्यक्रमाचं. त्यासाठी चॅनेल सबस्क्राइब केलेलं असायलाच हवं असं नाही. एका लग्नाचं थेट प्रक्षेपण बघायचं आहे म्हणून त्या फोटोग्राफरची जन्मभराची बेल कशाला दाबायची?

पानावरची वेळ तुम्ही जिथे असाल तिथल्या घड्याळाप्रमाणे दिसते, हे परदेशातल्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखं. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, आपल्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे ८:३४ होते, लंडनमध्ये दुपारचे १:३४ आणि सिडनीत रात्रीचे १०:३४. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत ते मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातं. तेच यान नोव्हेंबरच्या शेवटी याच वेळेला उतरलं असतं तर न्यू जर्सीत ७:३४ झाले असते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या ६ ला आहे हं" एवढंच लिहिणाऱ्या काकांनी पानाची लिंकच टाकली तर बोटावर तास मोजायची वेळ कुणावर येणार नाही.

प्रक्षेपणाची हाक आणि घटनेची हाक

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. नोटिफिकेशन सांगतं की प्रक्षेपण सुरू झालं. घटना घडतेय असं ते सांगत नाही, कारण ते त्याला माहीतच नसतं. चांद्रयान-३ च्या वेळी प्रक्षेपण ५:२० ला सुरू झालं, यान उतरलं ६:०४ ला. मधली ४४ मिनिटं. त्या दिवशी ती कुणालाच जड गेली नाहीत. यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक डोळे लावून बसले होते. पण एरवी माणूस हाक ऐकून येतो, निवेदकाचं बोलणं चाललेलं बघतो, "अजून वेळ आहे" म्हणून फोन ठेवतो, आणि मग विसरतो.

याहून चांगलं उदाहरण गगनयानच्या पहिल्या चाचणी उड्डाणाचं, टीव्ही-डी१ चं. तारीख २१ ऑक्टोबर २०२३, वेळ सकाळी ८. हवामानामुळे ती ८:३० झाली, मग ८:४५. उलटी गिनती शेवटच्या ५ सेकंदांवर आली आणि संगणकाने ती थांबवली. इंजिन पेटलं नाही, उड्डाण नाही. बऱ्याच जणांनी तिथे फोन बंद करून अंघोळीचा रस्ता धरला असणार. इस्रोच्या लोकांनी दोष शोधला, दुरुस्त केला आणि १० वाजता यान उडवलं. प्रक्षेपण सकाळी एकदा सुरू झालं की बेलच्या दृष्टीने विषय संपतो. थांबलेली गिनती पुन्हा सुरू झाली म्हणून ती पुन्हा वाजत नाही.

कधी दिवसच बदलतो. युरोपचे प्रोबा-३ उपग्रह घेऊन जाणारं इस्रोचं पीएसएलव्ही-सी५९ रॉकेट ४ डिसेंबर २०२४ ला दुपारी ४:०८ ला निघायचं होतं. उपग्रहात दोष दिसला आणि ते ५ तारखेला ४:०४ ला निघालं. अशा वेळी आयोजकांनी त्याच पानावर वेळ बदलली तर तुमची नोंद टिकते. जुनं पान सोडून नवं केलं, तर तुमचं 'नोटिफाय मी' जुन्या पानावरच राहतं, बदललेल्या प्लॅटफॉर्मवर न गेलेल्या प्रवाशासारखं.

नेट चालू होतं, फोन चालू होता, तरी उशिरा का आलं?

कारण फोन झोपला होता. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जरला लावलेला नाही, टेबलावर स्थिर पडलाय, पडदा बंद आहे, असं काही काळ चाललं की तो ॲप्सचं नेट बंद करतो आणि अधूनमधून थोडा वेळ डोळे उघडून साचलेले निरोप घेतो. जितका जास्त वेळ पडून, तितकी झोप गाढ. तातडीचा असा शिक्का मारलेला निरोप या झोपेतूनही फोनला उठवू शकतो. तो शिक्का मारायचा की नाही ते पाठवणारा ठरवतो, आपण नाही. आपल्या हातात एक साधा उपाय आहे: चार्जरला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही.

याशिवाय फोन बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची बॅटरी वाचवण्याची तऱ्हा असते, ती दर फोनला वेगळी. नव्या अँड्रॉइडमध्ये ॲपच्या माहितीत 'बॅटरी' असा विभाग असतो. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर त्या ॲपकडून वक्तशीरपणाची अपेक्षा करू नका. महिनोन्‌महिने न उघडलेलं ॲप तर अँड्रॉइड १२ पासून चक्क शीतनिद्रेत जातं; एकदा हाताने उघडेपर्यंत त्याला कोणताच निरोप पोचत नाही. फक्त गणपतीत उघडायचं म्हणून एखाद्या मंडळाचं ॲप घेऊन ठेवलं असेल तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी एकदा उघडून बघा. आणि अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप पहिल्यांदा उघडताना विचारतं, नोटिफिकेशन पाठवू का? घाईत "नको" दाबलं असेल तर पुढे कितीही बेल दाबा.

एक घरगुती घोळही सांगतो. बेल दाबली टीव्हीवर, तिथे लॉगिन मुलाचं. हाक गेली मुलाच्या फोनवर, तो पुण्यात हॉस्टेलवर. बेल खात्याला लागते, घराला नाही.

आलं वेळेवर, पण आवाजच नाही

इथे आत्याची गोष्ट पुन्हा. मी 'डू नॉट डिस्टर्ब' काढलं आणि हात झटकले. नंतर कळलं की तेवढ्याने भागलं नसतं. यूट्यूबच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, नोटिफिकेशनच्या विभागात, ठरावीक वेळात आवाज आणि थरथर बंद ठेवायची सोय आहे आणि तिची ठरलेली वेळ रात्री १० ते सकाळी ८ अशी असते. म्हणजे महापूजेच्या दाराला दोन कुलपं होती. मी एकच काढलं होतं. त्याच यादीत 'शेड्यूल्ड डायजेस्ट' म्हणून एक पर्याय दिसेल. तो चालू केला की दिवसभराची सगळी नोटिफिकेशन एका ठरलेल्या वेळी गठ्ठ्याने येतात. मन:शांतीसाठी उत्तम, लाइव्हसाठी मात्र मुळावर येणारा. आयफोनवर हेच काम 'शेड्यूल्ड समरी' करतं, तेही तपासा.

दिसतंय पण वाजत नाही असं होत असेल तर अँड्रॉइडवर त्या नोटिफिकेशनवरच बोट दाबून धरा. ते 'सायलेंट' मध्ये पडलंय का ते तिथेच दिसतं आणि बदलताही येतं. कधीतरी वैतागून आपणच ते सायलेंट केलेलं असतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही लाइव्हसाठी वेगळी निवड असते, त्या पानाच्या किंवा प्रोफाइलच्या फॉलोशी जोडलेली. तत्त्व तेच आहे, फक्त बटणाची जागा दर काही महिन्यांनी बदलते.

मग सगळ्याच बेल दाबून ठेवल्या तर?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या फोनवर सहसा दोनशे न वाचलेली नोटिफिकेशन असतात. दोनशे चॅनेल वाजायला लागली की माणूस पट्टी एका फटक्यात पुसून टाकतो आणि हवं तेही त्यात जातं. वॉचमनने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी इंटरकॉम वाजवला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तो काढूनच ठेवाल.

मी करतो ते असं. वेळ माहीत असेल तर सरळ गजर लावतो. गजर फोनच्या आतच असतो, त्याला यूट्यूब, गूगल, नेट, कुणाकडेच जावं लागत नाही. तो डोझला जुमानत नाही आणि 'डू नॉट डिस्टर्ब' मध्येही, मुद्दाम बंद केला नसेल तर, वाजतो. बेल ठेवतो ती ज्यांची वेळ आधी कळत नाही अशांसाठी. माझ्याकडे सध्या पाच आहेत. महिन्याला एकदा यादी बघतो आणि ज्याचं शेवटचं लाइव्ह मी उघडलंच नाही त्याची बेल काढतो.

बेल वाजली म्हणजे खरंच तेच लाइव्ह आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसू लागल्या, आणि पहिल्याच दिवशीच्या सुनावण्यांत महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाची होती. इथल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा न्यायालयाचं कामकाज पाहिलं ते त्या दिवशी. दोन वर्षांनी, २० सप्टेंबर २०२४ ला, त्याच न्यायालयाचं यूट्यूब चॅनेल हॅक झालं आणि तिथे एका क्रिप्टो चलनाची जाहिरात करणारे व्हिडिओ दिसू लागले. चोरांना अशी चॅनेल का हवी असतात? तिथे विश्वास ठेवणारे प्रेक्षक आयते बसलेले असतात, बेल दाबून.

म्हणून हाकेवर जा, पण आत गेल्यावर डोळे उघडे ठेवा. न्यायालय, इस्रो किंवा देवस्थान क्यूआर कोड दाखवून "आत्ता पाठवा, दुप्पट मिळवा" म्हणत नाही. क्रिकेटच्या दिवशी 'लाइव्ह' असं लिहून जुना सामना किंवा चक्क व्हिडिओ गेम दाखवणारी चॅनेलही निघतात. सामना ज्यांच्या हक्काचा आहे त्यांच्याच ॲपवर बघा आणि वर्णनातल्या लिंकवर बोट ठेवू नका.

आत्याच्या फोनवर आता तीन बेल आहेत, आणि पुढच्या आषाढीसाठी पहाटे सव्वादोनचा गजर. ती आषाढी आली आणि गजर वाजला. हे मला कळलं, कारण लगेच तिने मला फोन केला. माझा फोन रात्री बंद आवाजात असतो. पण अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब' मध्ये एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्यायची सोय आहे, आणि आत्या एका कॉलवर थांबणाऱ्यातली नाही.

"उठलास का? लागलंय बघ."